काळबादेवी ते काल्हेर

भिवंडीत कापड विणलं जायचं, पण त्याचा भाव ठरायचा मुंबईत, काळबादेवीला. मूळजी जेठा मार्केट, स्वदेशी मार्केट, मंगलदास मार्केट या भागातल्या पेढ्यांवर भिवंडीचा छोटा कारखानदार स्वतः क्वचितच जायचा. ज्याच्या शेडमध्ये बारा किंवा चोवीस माग, त्याचा दिवस सूत, बीम, कामगार आणि विजेच्या वेळा यांतच संपायचा. त्याचा माल बाजारात नेणारा माणूस वेगळा असायचा, तो दलाल. माझे मामा त्यांपैकी एक होते.

सकाळी एसटीने ठाणे स्टेशन, तिथून लोकलने मशीद बंदर आणि पुढे पायी, असा मामांचा रस्ता. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात कोऱ्या कापडाचे हातभर नमुने आणि सदऱ्याच्या खिशात घडीचं भिंग. पेढीवरचा मुनीम नमुन्यावर भिंग ठेवून इंचात ताण्याचे किती धागे, बाण्याचे किती, हे मोजायचा. मामांनी ते आदल्या रात्रीच मोजलेलं असायचं. केंब्रिक असो की पॉपलीन, मीटरमागे पाच-दहा पैशांवर अर्धा तास घासाघीस चालायची. सौदा जमला की डायरीत एकच ओळ पडायची: माल कोणाचा, ताके किती, भाव काय, पैसे किती दिवसांनी. खाली सही कोणाचीच नसायची. काळबादेवीत मामा गुजराती बोलायचे, निजामपुऱ्यातल्या मोमीन कारखानदाराशी हिंदी, पद्मानगरातल्या तेलुगू मालकांशी मोडक्या तेलुगूने सुरुवात करून मराठीवर यायचे. या चारही भाषांत त्यांना सभ्यपणे पैसे मागता येत, आणि या धंद्यात सगळ्यात अवघड काम तेच होतं.

दलाली शेकड्याला एखादा रुपया, आणि तीसुद्धा रक्कम वसूल झाल्यावर. मला त्या धंद्याबद्दल जो आदर वाटतो त्याचं मूळ या अटीत आहे. माल विकून मामांचं काम संपत नसे, तिथून ते सुरू होई. साठ दिवसांचे नव्वद झाले की ते पेढीवर जाऊन बसत. चहा येई, पुन्हा चहा येई, शेवटी मुनीम चेक लिही. उलट बाजूने कापडात खोट निघाली की तेच कारखान्यात जाऊन मालकाला सुनावत. एकदा त्यांच्याबरोबर मी पद्मानगरात गेलो होतो.

"अण्णा, पन्हा इंचभर कमी भरलाय."

"बीमच तसा आला, काय करू?"

"बीमवाल्याशी तुमचं तुम्ही बघा. पण या लॉटला मीटरमागे तीस पैसे कमी लागतील, आणि ते मी पेढीवर कबूल करून आलोय."

अण्णा चिडले, बरंच बोलले आणि शेवटी मानले. त्यांना ठाऊक होतं की पुढच्या वेळी पेढी पैसे अडवेल तेव्हा हाच माणूस त्यांच्यासाठी तिथे ठाण मांडून बसणार आहे.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. गिरण्या थांबल्या, पण कापडाची मागणी थांबली नाही. कितीतरी ऑर्डरी भिवंडीच्या मागांवर आल्या, आणि इथे विणलेलं कापड गिरण्यांच्या शिक्क्यानिशीही विकलं गेलं. मामांच्या डायरीत त्या काळात जागा पुरत नव्हती. त्यांच्या घरी फ्रिज आला तेव्हा लालबागला गिरणीत असलेले आमचे एक नातेवाईक घरातली भांडी विकत होते. मामी गुपचूप तिकडे तांदूळ पाठवायची. भिवंडीची ती भरभराट आठवताना हे वगळणं मला जमत नाही.

आणखी एक गोष्ट वगळता येत नाही. त्या बाजारात शिरायला ओळख लागायची. कोणीतरी "हा आपला पोरगा आहे" असं म्हटल्याशिवाय पेढीची पायरी चढता येत नसे. काही वर्षं बिनपगारी पिशवी वाहायची, बोलणं ऐकायचं, बाजारातली माणसं पाठ करायची, मग कधीतरी एखादा छोटा सौदा हाताला लागायचा. मुलींचा तर प्रश्नच येत नव्हता. माझी बहीण मामांच्या डायऱ्यांचे हिशोब माझ्यापेक्षा चोख करायची, पण तिला मार्केट दाखवायला नेण्याचं कोणाच्या मनातही आलं नाही.

मी मामांच्या मागे गेलो नाही. नव्वदच्या दशकात आमच्या आजूबाजूच्या भाताच्या खाचरांत गोडाऊनं उभी राहू लागली होती. पूर्णा, काल्हेर, कशेळी, राहनाळ, वळ, दापोडा, माणकोली, सगळीकडे भराव आणि पत्रे. कारण साधं होतं. मुंबईच्या हद्दीत माल शिरला की महापालिकेची जकात भरावी लागे. हद्दीबाहेर, ग्रामपंचायतीच्या जागेत माल ठेवला की जेवढा विकला जाईल तेवढ्याचीच जकात, तीही शहरात नेताना. शिवाय परराज्यातल्या कारखान्यातून थेट व्यापाऱ्याला माल विकला तर केंद्रीय विक्रीकर लागे. तोच माल एफ फॉर्मवर स्वतःच्या डिपोत हलवला तर तो वाचायचा. म्हणून जवळजवळ प्रत्येक मोठ्या कंपनीला महाराष्ट्रात एक डिपो हवा होता, आणि मुंबई, नाशिकचा रस्ता आणि न्हावा शेवा बंदर यांच्यामधली भिवंडी त्यासाठी अगदी सोयीची होती. ज्या आगरी शेतकऱ्यांच्या पोरांनी भात लावला होता त्यांनी गाळे बांधले, ट्रक घेतले, माल चढवण्या-उतरवण्याचे ठेके घेतले.

मी एका सी अँड एफ एजंटकडे, म्हणजे कंपन्यांचा माल गोडाऊनमध्ये ठेवून पुढे पाठवणाऱ्याकडे, डिस्पॅचला लागलो आणि पुढे कंपनीच्या विक्री विभागात गेलो. मला तिथली शिडी आवडली. डिस्पॅच क्लार्क, डिपो इन्चार्ज, सेल्स ऑफिसर, एरिया मॅनेजर, असं एकेक पायरी वर जाता येत होतं. पगार महिन्याला, प्रॉव्हिडंट फंड वेगळा आणि कुणाच्या ओळखीची गरज नाही. मामांना आयुष्यभर रजा मिळाली नव्हती, मला मिळत होती.

माझं काम स्टॉकिस्ट आणि डिस्ट्रिब्युटर सांभाळण्याचं. कंपनीने डिस्ट्रिब्युटरला माल दिला की ती प्रायमरी विक्री, त्याने दुकानदाराला दिला की ती सेकंडरी. माझा इन्सेंटिव्ह प्रायमरीवर ठरायचा. आमचा काळ आणि मामांचा काळ यांत नेमकं काय हरवलं, ते इथे सापडतं. महिन्याच्या शेवटच्या रात्री गोडाऊनवर दिवे लागलेले असत, माथाडी कामगार उशिरापर्यंत ट्रक भरत आणि टार्गेट पूर्ण होई. तो माल डिस्ट्रिब्युटरच्या गाळ्यात पंधरा दिवस पडून राहिला तरी माझ्या पगारातून काही कापलं जात नव्हतं. व्याज त्याचं, खराब झालेल्या मालाची चिंता त्याची, स्कीमचे क्लेम अडकले तर रक्कमही त्याचीच अडकलेली. दर दोन-तीन वर्षांनी आमची बदली व्हायची आणि नवा साहेब जुन्या साहेबाची तोंडी कबुली मानत नसे. मामांची बदली होणं शक्यच नव्हतं. त्यांना पुढच्या मंगळवारी त्याच पेढीवर आणि पुढच्या शनिवारी त्याच कारखान्यात तोंड दाखवायचं होतं.

मग एकामागून एक सगळं बदललं. २०१३ मध्ये अॅमेझॉनने भारतातलं आपलं पहिलं मालकेंद्र भिवंडीत सुरू केलं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली. ज्या कारणासाठी गोडाऊनं उभी राहिली ते कारणच संपलं, तेव्हा आता भिवंडी ओस पडणार असं बरेच जण म्हणाले. झालं उलटं. राज्याराज्यांत डिपो ठेवण्याची गरज उरली नाही म्हणून कंपन्यांनी छोटी गोडाऊनं बंद करून मोठी बांधली, आणि त्यांतली कितीतरी पुन्हा इथेच. दरम्यान यंत्रमागांच्या शेडी मात्र एकेक करून बंद पडत गेल्या. साधे माग भंगाराच्या भावाने, किलोवर गेले. ज्या मागाची जुळणी बिघडली की मामा मालकाबरोबर रात्र काढायचे, तो वजनकाट्यावर चढलेला पाहणं मला सोपं गेलं नाही.

आज भिवंडीत "चॅनल पार्टनर" म्हटलं की तरुणांना आधी आठवतात फ्लॅट विकणारे. अंजूर फाट्यापासून कल्याण रस्त्यापर्यंत नव्या इमारतींच्या विक्री कार्यालयांत हे लोक गिऱ्हाइकं घेऊन येतात आणि बुकिंगवर कमिशन घेतात. त्यांना महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामकाची, नोंदणी लागते, आणि २०२३ पासून त्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही सुरू झाली. मला हे मनापासून पटतं. घर घेणारा माणूस जन्माची पुंजी लावतो, मधल्या माणसाला करार वाचता आलाच पाहिजे. मामांची परीक्षा मुनीमाच्या भिंगाखाली रोज व्हायची, पण त्यात नापास झालेल्या दलालाने बुडवलेल्या कारखानदाराला दाद मागायला जागा नव्हती. घर घेणाऱ्याला आता ती आहे.

माझी पुतणी एका विद्युत साहित्याच्या कंपनीत चॅनल मॅनेजर आहे. वायर, स्विच, एमसीबी असा माल, आणि भिवंडी, शहापूर, मुरबाड, वाडा हा तिचा भाग. तिने व्यवस्थापनाची पदवी घेतली, मुलाखत दिली, नोकरी मिळाली. कुणाला "आपली पोरगी" म्हणावं लागलं नाही. ती स्कूटरवरून वाड्याच्या बाजारात जाते, इलेक्ट्रिशियनांच्या बैठका घेते, वयाने बापासारख्या डिस्ट्रिब्युटरशी उधारीबद्दल स्पष्ट बोलते. हे पाहताना मला माझ्या बहिणीच्या हातातल्या त्या डायऱ्या आठवतात. तिच्या फोनवर प्रत्येक दुकानाची ऑर्डर, डिस्ट्रिब्युटरकडे किती दिवसांचा माल शिल्लक आहे, कोणता क्लेम कुठे अडकलाय, सगळं दिसतं. माल कोंबणं आता झाकता येत नाही.

वसुलीचं कामही काही प्रमाणात कायद्याने उचललं आहे. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात ४३ब(एच) हे कलम आणलं. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत, नसल्यास पंधरा दिवसांत दिले नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा करता येत नाही. कापड बाजारात नव्वद दिवसांची उधारी मुरलेली, त्यामुळे सुरुवातीला मोठी खळबळ झाली. धामणकर नाक्याला भेटलेले एक जुने कारखानदार मला म्हणाले, "तुमच्या मामांचं निम्मं काम सरकारने घेतलं." मी विचारलं, "आणि उरलेलं निम्मं?" ते म्हणाले, "पैसे वेळेवर मागितले म्हणून पुढची ऑर्डरच आली नाही, तर कोणाकडे जाऊ?"

डिस्ट्रिब्युटरलाही "चॅनल पार्टनर" म्हटलं म्हणून भागीदारी आली नाही, हे जानेवारी २०२२ मध्ये उघड दिसलं. मोठ्या बी-टू-बी कंपन्यांना आणि अॅपना आपल्यापेक्षा स्वस्त दराने माल मिळतो, अशी वितरकांची तक्रार होती. अखिल भारतीय ग्राहक उत्पादन वितरक महासंघाच्या हाकेवर महाराष्ट्रातल्या वितरकांनी कोलगेटच्या काही मालाचं वितरण थांबवलं, हिंदुस्थान युनिलिव्हरशीही वाद पेटला. दुकानदार विचारू लागला, "अॅपवर कमी भाव आहे, तुमच्याकडून का घेऊ?" वीस वर्षं त्याच दुकानाला उधार देणाऱ्या माणसाकडे याचं उत्तर नव्हतं. त्या काळात पुतणीसारखी कंपनी आणि वितरक यांच्यामधली मुलं रोज शिव्या खात होती, आणि भाव ठरवण्याच्या जागी त्यांच्यापैकी कोणी नव्हतं.

म्हणून या कामात येणाऱ्या तरुणांना मी एवढंच सांगतो: मुलाखतीत पगार विचाराच, पण डिस्ट्रिब्युटरचे क्लेम किती दिवसांत निघतात, भाग तोडायचा असेल तर किती आधी लेखी कळवतात आणि तुमचा इन्सेंटिव्ह प्रायमरीवर आहे की सेकंडरीवर, हेही विचारा. उत्तर देताना समोरचा अडखळला तर तिथलं काम कसं असेल ते समजून घ्या.

५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. नागपूरपासून ७०१ किलोमीटर येणारा तो रस्ता भिवंडी तालुक्यातच संपतो. पडघा, वडपे, आमणे या बाजूला नवी गोडाऊनं उभी राहताहेत. पुतणीच्या कंपनीतही चर्चा सुरू आहे की एवढी मोठी गोडाऊनं हाताशी असताना शहापूर-मुरबाडच्या दुकानांना थेट माल द्यावा, मधला डिस्ट्रिब्युटर कमी करावा. तिने याबद्दल मला विचारलं, "काका, तुम्ही काय केलं असतंत?" मी तिला मामांच्या डायऱ्या काढून दिल्या. त्या वाचून तिने एक तक्ता बनवला आहे: पावसाळ्यात वसुली थांबते तेव्हा कोणता डिस्ट्रिब्युटर किती दुकानदारांना उधार पुरवतो, जळालेला स्विच कंपनीकडून बदलून येण्याआधी स्वतःच्या मालातून कोण देतो, कोणत्या गावात कोणाच्या शब्दावर इलेक्ट्रिशियन माल उचलतो. यातलं काहीच कंपनीच्या अॅपमध्ये नोंदलेलं नाही. शहापूरच्या डिस्ट्रिब्युटरला बरोबर घेऊन ती हा तक्ता पुढच्या बैठकीत ठेवणार आहे, आणि थेट पुरवठा सुरू केला तर ही कामं कोण करणार, याचं उत्तर वरिष्ठांकडून लेखी मागणार आहे.