कडक इस्त्रीची पोरं

सत्तरच्या दशकात परभणीत बेलबॉटम आली ती सिनेमातून. कानांवर उतरलेले केस, गालांवर कल्ले, लांब टोकांची कॉलर आणि चपला झाकून टाकणारी मोहरी. ती किती इंच ठेवायची यावरून शिंप्याशी हुज्जत चाले. म्हातारी माणसं म्हणत, पोरगं वाया गेलं. आमच्या गल्लीत प्रकरण तेवढ्यावरच मिटायचं.

दलित वस्तीतला पोरगा तीच पँट घालून पारासमोरून गेला, की मिटत नसे. प्रेतावरचं कापड हा ज्यांच्या आजोबांचा हक्क मानला गेला, त्यांच्या नातवाने टेरिकॉटचा कोरा शर्ट शिवावा, हे गावाच्या डोळ्यांत खुपायचं. घरात इस्त्री कुठली! पितळी तांब्यात निखारे भरायचे, फडक्याने तोंडाशी धरून तो ओलसर कॉलरवरून फिरवायचा. टोक ताठ होईपर्यंत पुन्हा पुन्हा. राख सांडून डाग पडू नये म्हणून श्वास रोखलेला. ती एकाग्रता मी पाहिली आहे, आणि तिच्याइतकं गंभीर काम त्या वयात दुसरं पाहिलेलं नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनच्या कामकरी पोरांनीही उंची शिंप्यांनी श्रीमंतांसाठी पुन्हा आणलेला राजा एडवर्डच्या काळातला लांब कोट आपलासा केला. १९५३ साली वर्तमानपत्रांतून त्यांना ‘टेडी बॉय’ हे नाव पडलं. आमच्याकडच्या पोरांना मात्र हा धडा लंडनहून यायची गरज नव्हती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब आंबेडकरांनी बायांना सांगितलं होतं, लुगडं घोट्यापर्यंत नेसा, जात सांगणारे जड दागिने टाका. ते स्वतः सुटाबुटात वावरले. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकणारी पोरं सुट्टीत गावी आली, की पँथरची भाषा बरोबर आणत. त्यांची नजर आता पाटलासमोर खाली जात नव्हती.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा, नामांतराचा ठराव केला आणि परभणी-नांदेडकडच्या खेड्यांत दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. कारण नावाचं सांगितलं गेलं. मला ते कधीच पुरेसं वाटलं नाही. शिकलेल्या, नोकरी मागणाऱ्या, इस्त्रीच्या कपड्यांत ताठ चालणाऱ्या या पोरांवरचा राग त्याआधी किती वर्षं साचत होता!

बेलबॉटम पुढे गेली, अरुंद मोहरी आली. पण एप्रिल लागला, की शिंपी तेव्हाही सांगायचे, “आता जयंतीनंतर या.” उसनवारी करावी लागली तरी चौदा तारखेला, बाबासाहेबांच्या जयंतीला, लेकराच्या अंगावर नवा कपडा हवाच, यावर त्या वस्तीतली एकही आई तडजोड करत नसे.