धरण खालापूरचे, पिंप आमच्या दारात

मोरबे धरण खालापूर तालुक्यात, पाणी मात्र नवी मुंबईला. कर्जत-खालापूरच्या ज्या वाड्या-वस्त्यांत नळाला रोज पाणी येत नाही, तिथे आम्ही पिंपे भरून ठेवतो. डेंग्यूचा एडिस डास याच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. मग आम्हालाच दटावतात, कोरडा दिवस पाळा! पाळू की, पण पाणी? (1927 साली बाबासाहेबांनी पाण्याचा हक्क बजावला ते महाड याच जिल्ह्यातले.)

आणि डेंग्यू सर्वांना सारखा नसतो. सिकलसेल असलेल्यांना तो जीवघेणा ठरू शकतो. एचआयव्ही, केमो, स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती खचलेल्यांच्या रक्तात अँटिबॉडी कमी बनतात, म्हणून आयजीएम निगेटिव्ह आली तरी डेंग्यू नाहीच असे होत नाही. पहिल्या पाच दिवसांत एनएस-वन तपासणी मागा. ताप उतरल्यावर पोट दुखले, हिरड्यांतून रक्त आले, तर त्याच घटकेला दवाखाना गाठा.