पहिली पंगत की मोकळी वेळ?

पुण्यातील आपल्या वस्त्यांतून बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर आणि नागपूरच्या दीक्षाभूमीच्या सहली दरवर्षी निघतात. आता त्यांच्या जोडीला आणखी एका सहलीचे बोलणे कानावर येऊ लागले आहे. ती म्हणजे समुद्रावरच्या पर्यटन जहाजाची सहल. २०२१ च्या सप्टेंबरपासून मुंबईहून गोवा, लक्षद्वीप अशा फेऱ्या करणारे मोठे जहाज सुरू झाले. सिंगापूरच्या सहलीतही दोन-तीन रात्री जहाजावर काढण्याची सोय असते. आईवडिलांनी जन्मभर कारखाना, घर आणि विहार याखेरीज फारसे काही पाहिले नाही, म्हणून नोकरीला लागलेली मुले पैसे साठवून त्यांना पाठवतात, कधी सोबत जातात. बोपोडी, येरवडा, ताडीवाला रोड, मंगळवार पेठ येथे अशी घरे अजून थोडीच, पण आहेत. त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. कष्टाचा पैसा आहे.

या सहलीची नोंदणी करताना बऱ्याच जहाजांवर एक प्रश्न विचारला जातो. रात्रीचे जेवण ठरलेल्या वेळी घेणार, की मोकळ्या वेळी? घरातली तरुण मुले विचार न करता 'मोकळी वेळ' यावर खूण करतात. सुट्टीवर जायचे आणि तिथेही घड्याळ कशाला, असे त्यांचे म्हणणे. वडीलधाऱ्यांना तर प्रश्नच कळत नाही.

प्रश्न समजून घेऊ. जहाजावर दीड-दोन हजार प्रवासी असतात आणि मुख्य भोजनगृहात ते सगळे एकदम मावत नाहीत. म्हणून जुनी पद्धत अशी की दोन पंगती करायच्या. पहिली साधारण संध्याकाळी सहाच्या सुमारास, दुसरी आठ-साडेआठला. तुमचे टेबल ठरलेले, वाढणारा ठरलेला आणि टेबलावरची माणसेही सहल संपेपर्यंत तीच. दुसरी पद्धत अलीकडची. ठराविक तासांच्या आत केव्हाही या, जागा असेल तिथे बसा, नसेल तर थोडे थांबा. टेबल रोज वेगळे, वाढणारा वेगळा. याशिवाय आपल्या हाताने वाढून घेण्याचे मोठे दालन बराच वेळ उघडे असते, त्यामुळे उपाशी कोणी राहत नाही.

आपल्या पुणे शहरात फिरले तर या दोन्ही पद्धती पायी चालत पाहायला मिळतात. टिळक रस्त्यावर बादशाही बोर्डिंग आहे, १९३२ सालचे. दुपारचे तास ठरलेले, रात्रीचे ठरलेले. नाव नोंदवायचे, पुकारा झाला की आत जायचे, पोटभर जेवायचे आणि उठायचे, कारण बाहेर पुढची नावे लागलेली असतात. पुण्याला अशी शिस्त आवडते. चितळ्यांचे दुकानसुद्धा २०१७ पर्यंत दुपारी एक ते चार बंद असे आणि गिऱ्हाईक निमूटपणे चारची वाट पाही! याउलट डेक्कनवरचे १९३५ सालचे गुडलक. इराण्याकडे बन-मस्का आणि चहा घ्यायला सकाळी या, नाहीतर संध्याकाळी या, कोणी घड्याळ दाखवत नाही.

पण ही झाली खिशात पैसे आणि हातात वेळ असलेल्यांची गोष्ट. कष्टकऱ्याची जेवणाची वेळ दुसराच कोणी ठरवतो. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. अशा कारखान्यांत आपल्या तीन-तीन पिढ्यांनी घाम गाळला. भोंगा झाला की डबा उघडायचा, भोंगा झाला की बंद करायचा. पोटाला भूक आहे की नाही हे भोंगा विचारत नाही. हमालांचे नेमके उलटे. मालाचा ट्रक केव्हा येईल याचा नेम नाही, आणि ट्रक आला की हातातला घास ठेवून उठावे लागते. म्हणून डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने १९७४ साली भवानी पेठेत 'कष्टाची भाकर' सुरू केली. पैसे द्या, भाकरी-भाजी घ्या, पाठीवरचे ओझे उतरले की जेवा. पंगतीची वाट पाहणे हमालाला परवडत नाही, हे ओळखून केलेली ही सोय आहे. मोकळ्या वेळेचे इतके चांगले उदाहरण मला दुसरे माहीत नाही. पुढे २६ जानेवारी २०२० रोजी राज्य सरकारने दहा रुपयांची शिवभोजन थाळी काढली. योजना चांगलीच होती, पण सुरुवातीला वेळ ठेवली दुपारी बारा ते दोन. ज्याचे काम अडीचला सुटते त्याने काय करायचे? सरकारी घड्याळ ते.

धम्मातही ठरलेल्या वेळेला मान आहे. भिक्खू मध्यान्हानंतर जेवत नाहीत. श्रामणेर शिबिरात चीवर घातलेली आपली मुले, उपोसथाला अष्टशील घेणारे उपासक-उपासिका हे सारे तो नियम पाळतात. स्वारगेटजवळ नेहरू स्टेडियमसमोरच्या विपश्यना केंद्रात दहा दिवस राहून आलेल्यांना विचारा. साडेसहाला नाश्ता, अकराला जेवण, संध्याकाळी पाचला नव्या साधकाला चहा आणि थोडे फळ, बस्स. तिसऱ्या दिवसापासून पोट आपोआप शांत होते, असे जाऊन आलेले सांगतात.

मज्झिमनिकायात भद्दाली नावाच्या भिक्खूची हकीकत आहे. भगवंतांनी भिक्खूंना दिवसातून एकदाच बसून जेवण्याचा नियम सांगितला. भद्दाली म्हणाला, हे मला जमणार नाही. तेव्हा भगवंतांनी त्याला सवलत दिली, की निमंत्रण असेल तिथे थोडे खा आणि थोडे सोबत आणून नंतर खा. भद्दालीने तेही नाकारले आणि तीन महिने समोर आला नाही. शेवटी येऊन क्षमा मागितली. नियम कडक होता, तरी एका माणसासाठी त्यात वाट काढायची तयारी होती. मुलांना ही गोष्ट सांगावी.

दुसरी हकीकत धम्मपदाच्या अट्ठकथेतली आहे. आळवी नगरात भगवंतांचे भोजन झाले होते आणि लोक उपदेशासाठी जमले होते. एका गरीब शेतकऱ्याचा बैल हरवला होता. बैल शोधून, बांधून तो उशिरा, उपाशी पोटी धावत आला. भगवंत तोवर बोललेच नाहीत. तो येताच त्यांनी उरलेले अन्न आहे का विचारले, त्याला आधी जेवू घालायला सांगितले आणि त्याचे जेवण झाल्यावर उपदेश सुरू केला. भिक्खूंत कुजबुज झाली, की गृहस्थाच्या जेवणाची अशी चौकशी कधी झाली नव्हती! भुकेने तळमळणाऱ्याला धम्म कसा कळणार, हे त्यांना नंतर उमगले. पंगत उठून गेली तरी कामावरून येणाऱ्यासाठी ताट ठेवणारे घर याच रीतीचे.

आता जहाजाकडे येऊ. माझे मत ठरलेल्या वेळेच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण घरातली आई आहे. आपल्या घरात मोकळी वेळच चालते. वडील दुसऱ्या पाळीला, मुलगा कंपनीत रात्रपाळीला, मुलगी क्लासला. जो येईल त्याला गरम वाढायचे. सगळ्यांना मोकळी वेळ, फक्त वाढणारीला नाही. ती शेवटी, गार झालेले, बहुधा ओट्यापाशी उभ्यानेच खाते. जहाजावर तिने स्वयंपाक करायचा नाही हे खरे, पण सवय जात नाही. मोकळी वेळ घेतली की मुले म्हणणार, "तुम्ही व्हा पुढे, आम्ही येतो." मग ती खोलीच्या दाराशी थांबणार, ते आले का पाहणार, आणि 'आधी तुम्ही जेवा' म्हणणार. ठरलेल्या पंगतीला असे होत नाही. आठला सगळे खाली, एकाच टेबलावर. आई बसलेली आणि वाढणारा दुसरा. काही जणींच्या आयुष्यात तीन रात्री ओळीने असे पहिल्यांदाच घडत असेल.

मात्र ठरलेल्या टेबलाविषयी आपल्या माणसांच्या मनात एक धाकधूक असते. ती कोणी उघड बोलत नाही, म्हणून मी बोलतो. सहा किंवा आठ जणांचे टेबल, समोर अनोळखी मराठी कुटुंब. पहिल्या रात्री नाव विचारतात, दुसऱ्या रात्री आडनाव, मग पुण्यात कुठे राहता, मग गाव कोणते. आपण उत्तर देतो आणि समोरचा चमचा क्षणभर थांबतो. हे टाळण्यासाठी मोकळी वेळ बरी, रोज टेबल बदलते, असे काही जण म्हणतात. हे सारे कोठून आले ते पुणेकराला सांगायला नको. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याच्या आरोपावरून टिळक आणि रानडे यांच्यासारख्यांवरही याच शहरात ग्रामण्य ओढवले होते. मग ज्यांना दारातच अडवले जाई त्यांचे काय झाले असेल?

१९०१ साली बाबासाहेब लहान असताना भाऊ आणि भाच्यासह साताऱ्याहून वडिलांकडे गोरेगावला निघाले. मसूर स्टेशनवरून दामदुप्पट भाडे देऊन बैलगाडी केली. सोबत जेवण भरपूर होते आणि पोटात आग पडली होती. पण जात कळल्यावर रात्री त्यांना पाणी कोणी दिले नाही, आणि पाण्यावाचून ती मुले तशीच उपाशी झोपली. जेवणाची वेळ झाली होती, जेवणही जवळ होते. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. तेच बाबासाहेब १९३० च्या ऑक्टोबरात गोलमेज परिषदेसाठी मुंबईहून 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' बोटीने गेले. त्या काळच्या बोटींवर जेवणाच्या वेळेला घंटा किंवा बिगुल वाजे आणि सगळे प्रवासी भोजनगृहात जात.

तेव्हा आडनाव विचारले तर सरळ सांगावे. गाव विचारले तर गाव सांगावे. तीन रात्रींत चांगली ओळख होण्याचा संभव जास्त, आणि समोरच्याला जड झाले तर टेबल बदलून मागायचे काम त्याचे. तरीही कोणाला फक्त आपले कुटुंब एका टेबलावर हवे असेल, तर नोंदणी करतानाच तसे लिहावे. पुष्कळदा मिळते.

दोन पंगतींपैकी आपल्याला दुसरी मानवते. सहाची वेळ आपल्या चहाची. पाचला चहा-नाश्ता झालेला, आणि बंदरावर उतरून फिरून आलेल्याला सहापर्यंत अंघोळही होत नाही. लहान मुले लवकर झोपणारी असतील तर मात्र पहिली घ्यावी. मधुमेह असलेल्यांनी घरी जेवतात त्या वेळेच्या जवळची पंगत निवडावी, गोळीची किंवा इन्सुलिनची वेळ निघण्याआधी डॉक्टरांना विचारावी आणि खिशात थोडे फुटाणे ठेवावेत. तान्हे मूल सोबत असेल किंवा बोट लागण्याची भीती असेल, तर मोकळी वेळच बरी, कारण कोणाला केव्हा जेवावेसे वाटेल ते सांगता येत नाही. मोकळी वेळ घेऊनही रोज आठलाच एकत्र जायचे असे घरात ठरवता येते. पण ते पाळणारे घर मी अजून पाहायचे आहे.

शाकाहारी, मांसाहारी काय हवे ते नोंदणीतच विचारतात, ते स्पष्ट लिहावे. ठरलेल्या वेळेच्या जागा मर्यादित असतात, म्हणून नोंदणी लवकर करावी. टेबल किंवा पंगत बदलायची असेल तर जहाजावर चढाल त्याच दुपारी भोजनगृहाच्या प्रमुखाला भेटावे. रात्रीपर्यंत थांबलात तर जागा भरून जातात.