वर्गणीदाराचे ऋण

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कुठल्याही मध्यमवर्गीय घरात पैशांची वाटणी होते. दूधवाला, वाणी, विजेचे बिल, मुलांची फी, रिक्षाचे भाडे अशी एकेक नावे वहीत येतात आणि त्यापुढे आकडे पडतात. या यादीत एखाद्या छोट्या साप्ताहिकाची किंवा मासिकाची वर्गणी असलीच, तर ती अगदी शेवटी असते. हात आखडता घ्यायची वेळ आली की पहिली काट तिच्यावरच बसते. कुणाला त्यात वावगेही वाटत नाही. दूध बंद केले तर सकाळी चहाच्या वेळी लक्षात येते. पत्र बंद केले तर दिवस नेहमीसारखाच जातो.

पण काही पत्रे अशी असतात की ती फक्त या वर्गणीवरच जगतात. त्यांच्या पाठीशी कारखानदार नसतो, पक्ष नसतो, पानभर जाहिराती देणारी कंपनी नसते. एक माणूस राजकारणाचा अभ्यास करतो, कागदपत्रे चाळतो, आपल्या बुद्धीला पटेल ते लिहितो आणि ते आपल्या वर्गणीदारांना पाठवतो. आता हे पत्र संगणकावर किंवा मोबाइलवरही येऊ लागले आहे. नोकरी सोडलेले किंवा सोडावी लागलेले कितीतरी पत्रकार आज असे पत्र चालवतात. वाचक त्यांचे तोंडभरून कौतुक करतात. ‘तुम्ही आहात म्हणून खरे काय ते कळते,’ असे त्यांना कळवतात. हे कौतुक खोटे नसते. प्रश्न एवढाच असतो की ते कुठवर जाते? कौतुक करणारा हात खिशापर्यंत पोहोचतो का? आणि पोहोचला, तर त्या पैशांच्या बदल्यात तो काय मागतो?

हे प्रश्न संगणकाच्या आधीचे आहेत. आपल्या देशात पोस्टाच्या तिकिटांवर चाललेल्या पत्रांनी ते कधीच विचारून ठेवले आहेत.

लखनौचे ‘विप्लव’

अमौसीच्या विमानतळावर उतरून कानपूर रस्त्याने लखनौ शहरात शिरले की चारबागचे रेल्वे स्थानक लागते. तिथून पुढे शहरात जाताना एका रस्त्याचे नाव मराठी माणसाला थबकायला लावते. ते नाव आहे शिवाजी मार्ग. हिंदीतले नामवंत कादंबरीकार यशपाल यांच्या ‘विप्लव कार्यालया’चा पत्ता याच रस्त्यावरचा, २१ शिवाजी मार्ग.

यशपाल हे भगतसिंग, चंद्रशेखर आझाद आणि आपल्या खेडचे राजगुरू यांच्या क्रांतिकारी संघटनेतले. १९३२ साली ते अलाहाबादेत पकडले गेले. १९३६ साली बरेलीच्या तुरुंगात असतानाच त्यांनी आपल्या सहकारी प्रकाशवती यांच्याशी विवाह केला. १९३८ साली सुटका झाली तेव्हा हातात ना नोकरी होती ना जमीनजुमला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात त्यांनी लखनौत ‘विप्लव’ हे मासिक काढले. पुढे त्याची ‘बागी’ नावाची उर्दू आवृत्तीही निघाली. लिहिण्याचे काम यशपाल यांचे, तर प्रकाशनाचा व्याप प्रकाशवती सांभाळत. अशा पत्रांच्या मुखपृष्ठावर एकाचेच नाव असते. मागे मात्र सारे घर राबत असते, ते असे.

वाचकांना ‘विप्लव’ आवडले. सरकारलाही त्याची दखल घ्यावी लागली. लेखांना उत्तर देण्याच्या फंदात सरकार पडले नाही. त्याने मोठ्या रकमेचा जामीन मागितला. ती रक्कम भरणे शक्य नव्हते आणि मासिक बंद पडले. लेखणी आवरत नसेल तर तिची थैली आवळावी, ही युक्ती त्या सरकारला पक्की ठाऊक होती. स्वतंत्र पत्राचे मर्म कुठे असते हे वाचकांच्या आधी सत्तेला कळते, ते असे!

चोवीस रकाने आणि एक प्रश्न

पण पत्र बंद पाडायला दर वेळी सरकारच लागते असे नाही. वाचकांची गरिबीही ते काम करते आणि कधी कधी त्यांची बेफिकिरीही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईत ‘मूकनायक’ सुरू केले. त्यासाठी राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत दिली होती. वर्षाची वर्गणी होती अडीच रुपये. नव्या पत्राची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’ने छापली नाही, अशी नोंद बाबासाहेबांनीच पुढे करून ठेवली आहे. त्याच वर्षी ते शिक्षण पुरे करण्यासाठी लंडनला गेले आणि मागे ‘मूकनायक’ फार काळ टिकू शकले नाही. परत आल्यावर, महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर, ३ एप्रिल १९२७ रोजी त्यांनी ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक काढले.

हे पत्र म्हणजे जवळजवळ एकहाती कारभार होता. वकिली, अध्यापन, चळवळीच्या सभा आणि रात्री उशिरापर्यंत लेखन. अंकाचे चोवीस चोवीस रकाने त्यांना एकट्याने लिहून काढावे लागत. वाचणारे लोक गिरणीत, गोदीत, रेल्वेत राबणारे. अनेकांना अक्षरओळख नव्हती. एकाने वाचायचे आणि भोवती बसलेल्यांनी ऐकायचे, अशी वाचनाची रीत. म्हणजे एका अंकाला कान कितीतरी, पण वर्गणी एकच. ती देखील नियमित येईल याचा भरवसा नाही.

३ फेब्रुवारी १९२८ च्या अंकात बाबासाहेबांनी एक लेख लिहिला. त्याचे शीर्षकच पुरेसे बोलके आहे: ‘बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?’ वर्षभर एक पैचाही मोबदला न घेता हे काम कसे केले, हे सांगून त्यांनी आपल्याच माणसांपुढे हिशेब ठेवला. शब्द नीट पाहावेत. त्यांनी मदत म्हटले नाही, दान म्हटले नाही. ऋण म्हटले. वाण्याची उधारी जशी फेडायची असते, तशी विचारांचीही उधारी फेडायची असते. ज्या पत्राने माणसाला ताठ मानेने उभे राहायला शिकवले, त्याचे देणे पुण्यकर्माच्या खात्यात मांडायचे की रोजच्या व्यवहाराच्या, असा तो रोकडा सवाल होता.

१९२९ च्या नोव्हेंबरात ‘बहिष्कृत भारत’ बंद पडले. वाचकांचे त्यावर प्रेम नव्हते असे कोण म्हणेल? पण प्रेमाने कागदाचे बिल भागत नाही. बाबासाहेबांनी मात्र हार मानली नाही. १९३० साली ‘जनता’ निघाले, ते पुढे वर्षानुवर्षे चालले आणि १९५६ साली त्याचेच नाव ‘प्रबुद्ध भारत’ झाले.

मुंबईचे ‘ओपिनियन’

स्वातंत्र्य आले. आता सरकार आपले होते. तेव्हा अशा एकाकी पत्रांची गरज संपली असे वाटू शकले असते. तसे झाले नाही.

ए. डी. गोरवाला हे जुन्या आय. सी. एस. सेवेतले पारशी गृहस्थ. सरकारी यंत्रणा त्यांनी आतून पाहिलेली. १९५१ साली नियोजन मंडळासाठी त्यांनी देशाच्या कारभारावर अहवाल लिहिला. कारभार स्वच्छ, कार्यक्षम आणि निःपक्षपाती नसेल तर लोकशाहीतले नियोजन यशस्वी होणार नाही, हा त्याचा गाभा. ग्रामीण पतपुरवठ्याच्या ज्या पाहणीतून पुढे १९५५ साली स्टेट बँक उभी राहिली, त्या पाहणी समितीचेही तेच अध्यक्ष होते. असा माणूस एखाद्या महामंडळाच्या खुर्चीत आरामात बसू शकला असता. त्यांनी १९६० साली मुंबईत ‘ओपिनियन’ नावाचे छोटेखानी इंग्रजी साप्ताहिक काढले आणि राज्यकर्त्यांच्या चुका त्यांना तोंडावर सांगायला सुरुवात केली.

खरी कसोटी पुढे होती. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. छापण्यापूर्वी मजकूर सरकारी तपासनिसाला दाखवायचा, असा हुकूम निघाला. मोठमोठी वृत्तपत्रे जपून लिहू लागली. त्यांची गुंतवणूक मोठी होती, यंत्रे मोठी होती आणि म्हणून भीतीही मोठी होती. गोरवालांजवळ गमावण्यासारखे फारसे नव्हते. पंचाहत्तरीचा हा गृहस्थ लिहीतच राहिला. १९७६ साली छपाईची वाट बंद झाली, तेव्हा ‘ओपिनियन’ सायक्लोस्टाइल करून निघू लागले.

मुंबईतल्याच ‘फ्रीडम फर्स्ट’ या छोट्या मासिकाचे संपादक मिनू मसानी यांनी दुसरी वाट धरली. तपासनिसाने लेख अडवले म्हणून ते न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. सरकारवर टीका करणे हा काही गुन्हा नव्हे, हे ऐन आणीबाणीत ठामपणे सांगणारा तो निकाल होता. तो मिळवून दिला एका लहानशा मासिकाने.

त्या दिवसांत अशा पत्राचा वर्गणीदार असणे म्हणजे काय, याची कल्पना करून पाहावी. त्याला सभेत भाषण करायचे नव्हते, तुरुंगात जायचे नव्हते. फक्त आपले नाव आणि पत्ता एका यादीत राहू द्यायचा होता. तेवढेही धाडसाचे होते. संपादकाचे धैर्य सर्वांना दिसते. वर्गणीदाराचे धैर्य मात्र पाकिटावरच्या पत्त्याएवढेच असते आणि तेवढेच लक्षात राहते.

पाच डॉलरची सत्ता

परदेशातली गोष्टही याहून फार वेगळी नाही. अमेरिकेत आय. एफ. स्टोन हा पत्रकार ज्या वृत्तपत्रात काम करत होता ते १९५२ साली बंद पडले. साम्यवादाच्या संशयाने सारा देश पछाडलेला होता. अशा माणसाला नोकरी कोण देणार? त्याने बंद पडलेल्या पत्रांच्या जुन्या वाचकांचे पत्ते मिळवले, त्यांना पत्रे पाठवली आणि जानेवारी १९५३ मध्ये स्वतःचे चार पानी साप्ताहिक काढले. वर्षाला वर्गणी पाच डॉलर. सुरुवातीला वर्गणीदार होते सुमारे ५,३००. हिशेब आणि पाठवणी त्याची पत्नी एस्थर पाहत असे. लखनौच्या घरातलेच चित्र वॉशिंग्टनच्या घरातही होते.

स्टोनला ऐकू कमी येई. म्हणून मंत्र्यांच्या पत्रकार परिषदांपेक्षा तो सरकारी कागद वाचत बसे. १९५७ साली अमेरिकेने जमिनीखाली अणुचाचणी केली. तिचे हादरे दोनशे मैलांपलीकडे कळले नाहीत, असे सरकारी खाते सांगत होते. स्टोनने भूकंपमापनाच्या नोंदी मिळवल्या. दूर अलास्कापर्यंत ते हादरे नोंदले गेले होते. खात्याला आपले विधान दुरुस्त करावे लागले. १९७१ साली प्रकृतीमुळे त्याने पत्र बंद केले, तेव्हा वर्गणीदार सत्तर हजारांच्या घरात होते. पाच पाच डॉलर देणाऱ्या साध्या माणसांनी मिळून एका माणसाला एकोणीस वर्षे स्वतंत्र ठेवले होते.

पैसे देणाऱ्याचा मोह

इथे एक धोका आहे आणि तो वाचकाने स्वतःच ओळखायला हवा. मालकाच्या दबावातून सुटलेला लेखक वर्गणीदारांच्या दबावात सापडू शकतो. ‘आम्ही पैसे भरतो, तेव्हा आम्हाला आवडेल ते लिहा,’ असे कुणी उघड म्हणत नाही. पण एखादा लेख मनाविरुद्ध गेला की वर्गणी बंद करणारे पुष्कळ निघतात. आपल्या आवडत्या नेत्यावर टीका झाली, आपल्या जातीच्या, आपल्या पक्षाच्या चुकीवर बोट ठेवले गेले की कालपर्यंतचा निर्भीड पत्रकार आज एकदम ‘विकला गेलेला’ ठरतो. असे चार-दोनशे वर्गणीदार एकदम गेले, तर पुढचा लेख लिहिताना लेखकाचा हात थरथरणार नाही का? मग तो कारखानदाराऐवजी आपल्या वाचकांची खुशामत करू लागेल. खुशामत ती खुशामतच, ती कुणाचीही असो.

म्हणून वर्गणी कशासाठी द्यायची, हे मनाशी पक्के असावे. आपलेच मत आपल्याला सुंदर भाषेत ऐकवले जावे यासाठी ती नसते. एक माणूस अभ्यास करून, कुणाला न भिता, प्रामाणिकपणे लिहू शकावा यासाठी ती असते. त्याचे चुकले तर तसे त्याला कळवावे, पुराव्यानिशी कळवावे, कडक शब्दांत कळवावे. तो आपली चूक छापतो की दडवतो, यावर त्याची परीक्षा करावी. परंतु केवळ मत जुळत नाही म्हणून त्याची चूल विझवू नये.

प्रत्येक घराला दहा पत्रांची वर्गणी परवडणार नाही, हे खरेच आहे. तशी अपेक्षाही नाही. ज्याच्यावर विश्वास बसतो असे एकच पत्र निवडावे. शेजारच्या दोन घरांनी मिळून घेतले तरी चालेल. फुकट वाचायला मिळत असले तरी ऐपत असणाऱ्याने पैसे भरावेत, म्हणजे ऐपत नसणाऱ्यालाही वाचता येईल. आणि घरातल्या मुलांना सांगावे की हे पैसे कशासाठी जातात. ‘अमक्याचे लिखाण आपल्याला नेहमी पटत नाही, तरी आपण त्याचे वर्गणीदार आहोत,’ हे वाक्य मुलाने घरात एकदा जरी ऐकले, तरी लोकशाहीचा तो धडा कुठल्याही पाठ्यपुस्तकातल्या धड्यापेक्षा त्याच्या अधिक लक्षात राहील.