मृत भाषेचे देणे

ज्या भाषेत आज कोणाचे मूल हट्ट धरीत नाही की कोणाची आजी कुरकुरत नाही, ती भाषा मृत झाली असे समजण्याचा प्रघात आहे. लॅटिन ही अशीच एक मृत भाषा. तेव्हा पन्नाशी उलटल्यावर आम्ही तिचे व्याकरण उघडून बसलो, त्या वेळी घरच्या मंडळींनी 'हे आता कशाला?' असे विचारले, यात गैर काहीच नव्हते. विभक्ती पाठ करून पगार वाढत नाही, हे आम्हांसही ठाऊक होते.

परंतु गंमत अशी की, हा 'पगार' शब्दच लॅटिनच्या घरचा निघाला. मराठीत तो पोर्तुगीजांकडून आला. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ पैसे चुकते करणे. आणि त्याचे मूळ जे लॅटिन 'पाकारे', त्याचा अर्थ शांत करणे! पहिल्या तारखेस वाणी, दूधवाला आणि घरमालक यांना क्रमाने शांत करणाऱ्या गृहस्थास ही व्युत्पत्ती समजावून सांगावयास नको. भिंतीवरचे कॅलेंडरही त्याच गावचे. महिन्याच्या पहिल्या दिवसाला रोमन लोक 'कालेंदे' म्हणत. त्या दिवशी कर्जाचे व्याज द्यावयाचे, म्हणून व्याजाच्या वहीस 'कालेंदारियुम' हे नाव पडले.

मग घरात जिकडे तिकडे ओळखीची माणसे भेटू लागली. चावी ही 'क्लाविस'ची नात. ज्या पावाला एके काळी सोवळ्याच्या स्वयंपाकघरात मज्जाव होता, त्याचे कूळ 'पानिस'चे. डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या माथ्यावर जे छेद दिलेले 'आर' अक्षर असते, ते 'रेकिपे', म्हणजे 'घे', या आज्ञेचे संक्षिप्त रूप होय.

सप्टेंबरात 'सप्त' आणि डिसेंबरात 'दश' ऐकून, ही नावे आमच्या संस्कृतातूनच गेली, असे आमचे काही मित्र अभिमानाने सांगतात. रोमन वर्ष पूर्वी मार्चपासून सुरू होई, म्हणून हे महिने सातवा व दहावा. पुढे वर्षारंभ बदलला, नावे तशीच राहिली. लॅटिनचे 'सेप्तेम' आणि आपले 'सप्त' यांचे साम्य खरे आहे. पण ते बहिणी-बहिणींचे आहे, माय-लेकींचे नव्हे. सर विल्यम जोन्स यांनी 1786 मध्ये कलकत्त्यास या भाषांच्या समान उगमाचा विचार मांडला, तो आज सर्वमान्य आहे. बहिणीला लेक ठरविल्याने आपला मान वाढत नाही. नाते मात्र बिघडते.

शिवाय उसनवारीची एवढी लाज कशास? रोमनांचे 'देनारियुस' नाणे समुद्रमार्गे व्यापाराबरोबर आले आणि त्याचे नाव 'दीनार' होऊन गुप्तकालीन संस्कृत शिलालेखांत मानाने बसले. त्यामुळे गीर्वाणवाणीला विटाळ झाला नाही. मग मराठीनेच आल्यागेल्या शब्दाला गोत्र का विचारावे?

आपल्या बोलण्यात आपण किती जणांचे देणे लागतो, हे कळणे हाच आम्हांस या अभ्यासाचा लाभ वाटतो. हे देणे असे आहे की, ते चुकते करून कोणाला शांत करावयाचे नाही. धनको केव्हाच निघून गेला आहे. त्याचे नाव तेवढे वहीत नीट मांडून ठेवावे, म्हणजे झाले.