एका आकड्याचा हट्ट

डेबियन या लिनक्स वितरणासाठी पॅकेज बांधायला घेतलं की मी सगळ्यात आधी डिपेंडन्सींची, म्हणजे प्रोग्रॅमला लागणाऱ्या लायब्ररींची, यादी वाचतो. प्रोग्रॅम रस्टमध्ये लिहिलेला असेल आणि लायब्ररीपुढे नुसतं १.२.३ असेल, तर हायसं वाटतं. रस्टचं बांधणीचं साधन असलेल्या कार्गोच्या लेखी त्याचा अर्थ १.२.३ पासून २.०.० च्या अलीकडचं काहीही चालेल. आकड्याआधी बरोबरचं चिन्ह असलं, की मात्र तेच व्हर्जन हवं, दुसरं नाही. माझं खरं काम तिथे सुरू होतं.

डेबियनमध्ये शक्यतो एका लायब्ररीचं एकच व्हर्जन ठेवतात. त्याचा फायदा असा: एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या लायब्ररीतलं हार्टब्लीड नावाचं सुरक्षेचं भोक उघडकीला आलं, तेव्हा व्हीझी या स्थिर आवृत्तीत १.०.१ई होतं. मूळ प्रकल्पाने दुरुस्ती १.०.१जी म्हणून दिली, डेबियनने १.०.१ई तसंच ठेवून त्यात तेवढी दुरुस्ती बसवली. लायब्ररी एका जागी बदलली, सेवा पुन्हा सुरू केल्या, की वेबपासून मेलपर्यंत सगळ्यांचं भोक बुजलं. उलट २००२ मध्ये झेडलिब या लायब्ररीत चूक सापडली, तेव्हा कितीतरी प्रोग्रॅमांनी त्या लायब्ररीची प्रत स्वतःच्या पोटात घेतलेली होती. त्या प्रती एकेक करून हुडकाव्या लागल्या. रस्टचे प्रोग्रॅमही लायब्ररी पोटात घेऊनच बांधले जातात, त्यामुळे दुरुस्तीनंतर ती लायब्ररी वापरणारं प्रत्येक पॅकेज पुन्हा बांधावं लागतं. सोर्स एकच असेल तर ते यंत्रावर सोपवता येतं. दहा व्हर्जनं असतील तर दहा वेळा माणूस लागतो.

म्हणून मी बरोबरचं चिन्ह काढणारा छोटा पॅच लिहितो, आमच्याकडच्या व्हर्जनवर प्रोग्रॅम बांधतो, चाचण्या चालवतो. पुष्कळदा सगळ्या पास होतात.

फाइल सिस्टिम दुरुस्त करणाऱ्या साधनाला हात घालताना मात्र मी बिचकतो. बीकॅशएफएस या फाइल सिस्टिमच्या साधनांवरून २०२४ मध्ये व्हर्जनची अट सैल करण्याचा हाच वाद पेटला आणि डेबियनमध्ये ते पॅकेज सांभाळणाऱ्याने ते सोडून दिलं. आपण तपासलं तेच व्हर्जन लोकांना मिळावं, हा प्रोग्रॅमच्या लेखकाचा आग्रह अशा ठिकाणी मला रास्त वाटतो. चाचणीत न सापडलेली चूक तिथे कुणाचा तरी डेटा घेऊन जाते, आणि तक्रार लेखकाच्याच दारात येते.

तरी माझं मत ठाम आहे: तपासलेला नेमका आकडा लॉक फाइलमध्ये, म्हणजे वापरलेली नेमकी व्हर्जनं नोंदवणाऱ्या फाइलमध्ये, असावा, डिपेंडन्सींच्या यादीत मोकळीक असावी. आणि अमुकच व्हर्जन हवं असं खरंच कारण असेल, तर ते शेजारी एका ओळीत लिहावं. अशी ओळ दिसली की मी पॅच बाजूला ठेवतो आणि आधी लेखकाला विचारतो.