भागाकार आणि गुणाकार

आकडे दोनच, व्होल्ट आणि अँपिअर. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की रोध मिळतो, दोहोंना गुणलं की शक्ती. शाळेत शिकलेलं हे गणित परीक्षेनंतर बहुतेकांच्या डोक्यातून जातं. मला मात्र त्याचं अप्रूप अजून वाटतं. भागाकार सांगतो वस्तू कशी आहे. गुणाकार सांगतो ती आत्ता काय करते आहे.

पाणी तापवायचा रॉड घ्या. 230 व्होल्टवर तो साडेसहा अँपिअर घेतो. गुणाकार 1500 वॅट, भागाकार 35 ओहम. संध्याकाळी व्होल्टेज 180 वर उतरलं तरी रोध जवळपास तोच राहतो, पण करंट पाचाच्या आसपास येतो आणि शक्ती 900 वॅटवर. व्होल्टेज पाचव्या हिश्शाहून थोडं जास्त पडलं, पण रॉडचा जोर चाळीस टक्क्यांनी गेला. बादली तापायला दीडपटीहून जास्त वेळ.

हा भागाकार जगाला दिला गेऑर्ग ओहम या जर्मन शिक्षकाने. त्याचे वडील कुलपं बनवणारे कारागीर. त्या काळच्या बॅटऱ्यांचा जोर प्रयोग चालू असतानाच कमीजास्त व्हायचा, मग मापं जुळणार कशी? ओहमने बिस्मथ आणि तांब्याचा जोड घेतला, एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरं बर्फात ठेवलं. तपमानातला फरक कायम, म्हणून विजेचा जोरही कायम. मग जोडीला सारख्या जाडीच्या, वेगवेगळ्या लांबीच्या तारा लावून त्याने मापं घेतली. 1827 साली पुस्तक आलं; मायदेशात त्याचं थंड स्वागत झालं. लंडनच्या रॉयल सोसायटीचं कोपली पदक मिळालं ते 1841 साली. त्या चिकाटीपुढे मान लवते.

पण रोध म्हणजे वस्तूच्या कपाळावर कायमचा कोरलेला आकडा नव्हे. शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब काढून त्याला मल्टिमीटर लावा, चाळीसच्या आसपास ओहम दिसतात. तोच बल्ब पेटल्यावर हिशेब करा: 230 भागिले 0.43, म्हणजे पाचशे तीसच्या पुढे. टंगस्टनची तार अडीच हजार अंशांच्या आसपास तापते, रोध तेरापट होतो. बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी मात्र ती गारच असते आणि कित्येक पट करंट ओढते. बल्ब बहुधा लावतानाच उडायचे, ते यामुळे.

म्हणून माप घ्यायचं ते लोडवर. शेतातल्या पंपाचंच बघा. मोटार बंद असताना मीटर 230 दाखवतो आणि सगळं ठीक वाटतं. पण डीपीपासून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासून, विहिरीपर्यंतच्या लांबलचक तारेलाही रोध असतो. तो तीन ओहम धरा. मोटारीने दहा अँपिअर ओढले की तीस व्होल्ट वाटेतच जातात आणि तीनशे वॅट तार तापवण्यात. मोटारीला मिळतात दोनशे. मोटार काही रॉडसारखी नाही. व्होल्टेज पडलं तरी तिला तेवढंच पाणी उपसायचं असतं, म्हणून ती करंट वाढवते. वाढलेल्या करंटने तारेतली गळती आणखी वाढते, वाइंडिंग तापतं आणि ऐन उन्हाळ्यात मोटार जळते.

रिवाइंडिंगचा खर्च भरणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती हा हिशेब असायलाच हवा. तार जाड घेतली किंवा डीपी जवळ आली, तर तिनाचा एक ओहम होतो आणि वाटेतलं नुकसान तीनशेवरून शंभर वॅटवर येतं. नव्या तारेचा पैसा वसूल होईल की नाही, हे त्याला कागदाच्या चिटोऱ्यावर, स्वतःच्या हाताने ठरवता येतं.